जात्यापाशी मोकळे होणारे मन: मंठा परिसर आणि दळणाच्या ओव्या

पूर्णा आणि दुधना या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीवर वसलेला मंठा तालुका आज जालना जिल्ह्यात मोडत असला, तरी १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा मुलूख परतूर तालुक्याबरोबर परभणी जिल्ह्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्यामुळे मंठ्याच्या लोकजीवनाचा विचार करताना जालन्यापेक्षा जिंतूर, सेलू, गंगाखेड, माजलगाव या गावांकडे अधिक पाहावे लागते. सोयरीक, बाजार आणि वारी या तिन्ही वाटांनी हा भाग त्यांच्याशी जोडलेला आहे. या सगळ्या पट्ट्याचे मुख्य अन्न ज्वारी, आणि ज्वारीची भाकरी ज्या पिठाची होते ते पीठ पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी बायकांनी पहाटे जात्यावर दळले. दळताना त्या ओव्या म्हणत. दिवसभराची काळजी, सासरचा जाच, माहेरची ओढ, पावसाची वाट, लेकराचे दुखणे यांचा भार मनावरून उतरवण्याची जी रीत या प्रदेशातील स्त्रियांनी घडवली आणि जपली, तिचा इतिहास या ओव्यांमध्ये साठलेला आहे.

ज्वारी दळण्याचे काम रोजचे का होते, हे आधी समजून घेतले पाहिजे. गव्हाचे पीठ काही दिवस डब्यात राहिले तरी चालते. ज्वारीच्या पिठाची मात्र लवकरच ‘विरी’ जाते, म्हणजे पीठ मळताना त्याला जो धरून ठेवणारा चिवटपणा असतो तो नाहीसा होतो, भाकरी थापताना कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. म्हणून दोन-चार दिवसांपुरतेच, आणि मोठ्या खटल्याच्या घरात तर दररोज, ताजे दळण काढावे लागे. शेतावर जाण्यापूर्वी भाकऱ्या तयार हव्यात, त्याआधी पीठ हवे, त्याआधी ज्वारी पाखडून निवडून घेतलेली हवी. या हिशेबाने बाईचा दिवस पहिल्या कोंबड्याच्याही आधी सुरू होई. ज्या घरात सुना अनेक, तिथे दळणाच्या पाळ्या लागत, आणि जिच्या वाट्याला कोणी नसे ती एकटीच बसे. गावातील सधन घरांचे दळण-कांडण गरीब विधवा मजुरीवर करीत, आणि ‘दळण-कांडण करून लेकरं वाढवली’ हे वाक्य मराठी घरांत आजही एखाद्या आजीच्या आयुष्याचे पूर्ण वर्णन म्हणून उच्चारले जाते.

जाते म्हणजे काळ्या कातळाच्या दोन गोल तळ्या, एकावर एक ठेवलेल्या. खालची स्थिर असते आणि तिच्या मध्यभागी उभी खीळ असते. वरची त्या खिळीभोवती फिरते, तिच्या मधल्या भोकातून, म्हणजे जात्याच्या तोंडातून, मूठभर धान्य आत टाकतात आणि त्या मुठीला ‘घास’ म्हणतात. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो. दळणारी एक पाय पसरून आणि दुसरा मुडपून बसते, एका हाताने खुंटा धरते आणि दुसऱ्या हाताने घास टाकते. समोर दुसरी बाई असली, तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर येतात आणि ओझे वाटले जाते. वापराने तळ्यांचे दात झिजून जाते गुळगुळीत झाले की गावात फिरणारा पाथरवट किंवा वडार छिन्नी-हातोडीने त्यांना पुन्हा खरखरीत करून देई. या कामाला ‘टाकी लावणे’ म्हणत, आणि टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच येत असल्यामुळे ते पीठ माणसांच्या ताटात न जाता जनावरांपुढे जाई. इतके जड, इतके कष्टाचे आणि इतके रोजचे काम करताना गळ्यातून गाणे निघाले, याचे एक कारण अगदी शारीरिक आहे. खुंट्याचा फेरा एका लयीत चालला तर दम पुरतो, लय मोडली तर हात भरून येतात. ओवी ती लय राखते, आणि दोघी दळत असतील तर दोघींचे हात एका तालात ठेवते.

ही रीत किती जुनी, याचे काही पुरावे जमिनीखाली आणि काही ग्रंथांत सापडतात. प्रवरेकाठच्या नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात फिरत्या जात्याचे दगड मिळाले, आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी १९५९ मध्ये भारतातील अशा जात्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. त्याआधीच्या काळात दगडाच्या पाट्यावर वरवंट्यासारखा दगड पुढे-मागे घासून धान्य भरडले जात असे. सातवाहनांच्या काळापासून दख्खनेत फिरते जाते होते असे या शोधांवरून धरता येते. गाण्याचा लेखी उल्लेख मात्र बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, सुमारे ११२९ च्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे नोंदवलेले आहे. सोमेश्वराने उल्लेखलेले काम दळण्याचे नसून उखळात मुसळाने धान्य कुटण्याचे आहे, हे लक्षात ठेवायला हवे. पण ओवी हे स्त्रियांचे श्रमगीत आहे आणि ते मराठी मुलखाचे आहे, या दोन्ही गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघण राजाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यातही गीतप्रकारांच्या वर्णनात ओवीला स्थान दिले. म्हणजे ज्ञानदेवांनी १२९० मध्ये नेवाशाला ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, तेव्हा त्यांनी वापरलेला छंद बायकांच्या तोंडी निदान दीडशे वर्षे तरी रुळलेला होता. अभ्यासक या दोहोंत फरक करतात: ज्ञानदेवांची ती ‘ग्रंथ-ओवी’, वाचण्या-सांगण्यासाठी रचलेली, दळणाची ती ‘कंठातली ओवी’, गाण्यासाठी जन्मलेली आणि एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणारी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पहिलीला जितकी पाने मिळाली तितकी दुसरीला मिळाली नाहीत, आणि हा हिशेब न्यायाचा नाही.

या प्रदेशातील स्त्रियांना आपल्या गाण्यासाठी एक मोठा आधार मिळाला तो जनाबाईचा. गोदाकाठच्या गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली, आणि तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनीचे जाते म्हणून दाखवले जाणारे जाते पाहायला वारकरी बायका आवर्जून जातात. देव कामात हात लावतो ही कल्पना तत्त्वज्ञानाची नंतर आणि अनुभवाची आधी आहे: अंधारात, एकटीने, जड खुंटा ओढताना समोर कोणीतरी बसलेले आहे असे वाटणे, ही त्या बाईची पहिली गरज होती, आणि जनीच्या कथेने ती गरज सन्मानाने पुरी केली. मराठवाड्यातील ओव्यांमध्ये जात्यालाच ईश्वर मानून त्याच्याशी बोलण्याची प्रथा आहे, तिचे मूळही इथेच असावे.

मन हलके होण्याची क्रिया या ओव्यांमध्ये नेमकी कशी घडते, हा या विषयाचा गाभा आहे. दळणाची सुरुवात देवांच्या ओव्यांनी होते. पहिली एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, अशी मोजत मोजत ग्रामदैवत, तुळस, पंढरीचा विठोबा, आई-बाप यांना ओव्या वाहिल्या जातात. या आरंभीच्या ओव्या सर्वांना पाठ असतात, त्यांत नवे काही सांगायचे नसते, आणि म्हणूनच त्या उपयोगी पडतात: हात लयीत येतो, श्वास स्थिर होतो, झोपेतून नुकतेच उठलेले मन शब्दांच्या ओळखीच्या वाटेवर चालू लागते. त्यानंतर गाणारी हळूहळू स्वतःकडे वळते, आणि तेही थेट वळत नाही. भावाची ओवी येते, त्यात भाऊ घोड्यावरून किंवा बैलगाडीतून बहिणीला न्यायला येतो आणि तिच्या माहेरच्या वाटेचे वर्णन होते. त्या वर्णनात यंदा भाऊ आला नाही ही सल न बोलता बोलली जाते. सीतेच्या ओव्या येतात, आणि रामाने टाकलेल्या, वनात बाळंत झालेल्या, लेकरांचे पालनपोषण एकटीने करणाऱ्या सीतेच्या तोंडून गाणारीला आपले सासर सांगता येते. त्याच घरात, भिंतीपलीकडे सासू निजलेली असताना सासूविषयी बोलण्याची मुभा या आडवळणामुळे मिळते. सीतेच्या सासुरवासाबद्दल कोणी कोणाला जाब विचारू शकत नाही.

ओवीची रचनाही या कामाला जुळणारी आहे. मराठवाड्यात प्रामुख्याने दोन ओळींची ओवी म्हणतात; पहिल्या ओळीत एक चित्र मांडले जाते आणि दुसऱ्या ओळीत ते चित्र कोणा जिवलगाकडे, लेकाकडे, भावाकडे, सखीकडे वळवले जाते. गाणारी पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणते, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ असे शब्द पेरते, आणि ती ओळ घोळत असताना दुसरी ओळ मनात जुळवते. समोरच्या बाईला ओवी आवडली तर ती तिच्याच धाग्यावर आपली ओवी जोडते. अशा रीतीने एकीची तक्रार दोघींची होते, आणि दुसरीने दिलेले उत्तर सल्ल्याच्या रूपात येत नाही, गाण्याच्या रूपात येते. दुःखाला दोन ओळींचे माप मिळते. माप मिळालेले दुःख उचलून बाजूला ठेवता येते आणि दुसरी मूठ टाकता येते. संकट जागच्या जागीच राहते, कर्ज फिटत नाही, आजार बरा होत नाही. पण पीठ भरल्यावर उठणारी बाई बसलेल्या बाईपेक्षा मोकळी असते. ओव्यांना विरंगुळा म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. विरंगुळा काळजी विसरायला लावतो, आणि ओवी ती काळजी नाव न घेता पुढ्यात ठेवते, तिला सूर देते, मगच बाजूला सारते.

याच जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनासाठी एक वेगळी वाट आखली होती, आणि ती या ओव्यांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. त्यांचे ‘मनाचे श्लोक’ संख्येने २०५. भुजंगप्रयात या ठाशीव चालीच्या वृत्तात रचलेले. भिक्षेच्या फेरीत रामदासी ते दारोदारी म्हणत. तिथे मन समोर उभे केलेले आहे आणि त्याला समजावले, बजावले, वळवले जाते. दुःख स्वतःहून जिवाला लावून घेऊ नये, व्यर्थ चिंता वाहू नये, असा उपदेश त्यांत वारंवार येतो. दळणाच्या ओवीत मनाला कोणी बजावत नाही. तिथे मनच बोलते आणि जाते ऐकते. श्लोक संन्यस्त पुरुषाने चार लोकांसाठी उंच आवाजात म्हटलेले आहेत, ओवी संसारी बाईने अंधारात स्वतःसाठी म्हटलेली आहे. एकाच मातीत वाढलेल्या या दोन परंपरांनी काळजीवर दोन निराळे उपाय शोधले, आणि मराठवाड्यातील घराघरांत दोन्ही उपाय शेजारी-शेजारी नांदले.

श्रमातून असे गाणे उगवणे हे केवळ मराठी मुलखापुरते नाही. उत्तर भारतात भोजपुरी-अवधी पट्ट्यात जात्यावरच्या गाण्यांना ‘जँतसार’ म्हणतात, शेजारच्या कर्नाटकात ‘बीसुव पद’ आहेत. आणि ग्रीक लेखक प्लूटार्क याने लेस्बॉस बेटावर एक बाई जाते फिरवताना तिथल्या पित्ताकोस या शासकाचे नाव घेऊन गात असल्याची नोंद करून ठेवलेली आहे. मराठी ओवीचे वैशिष्ट्य तिच्या विस्तारात आणि खाजगीपणात आहे: विषयांची इतकी मोठी व्याप्ती, जन्मापासून मरणापर्यंतचा प्रत्येक प्रसंग, आणि तरीही प्रत्येक ओवी कोणा एका जिवलगाला उद्देशून.

हैदराबाद संस्थानाच्या काळाचा विचार केला तर या खाजगीपणाला आणखी एक अर्थ येतो. कचेरीची, महसुलाची आणि न्यायाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि खेड्यातील मुलींपर्यंत तर कोणत्याही भाषेतील शाळा पोचलेली नव्हती. ज्या बाईला आपली फिर्याद लिहिता येत नव्हती आणि लिहिता आली असती तरी आपल्या भाषेत मांडता येत नव्हती, तिला आपले म्हणणे आपल्या बोलीत, आपल्या शब्दांत सांगण्याची एकच हक्काची जागा होती.

या ठेव्याची लेखी नोंद विसाव्या शतकात सुरू झाली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहातून गावोगावच्या ओव्या वाचकांसमोर आणल्या. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे गौरवाने संबोधले. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या मालेतून अनेक खंड काढले. इंदिरा संतांनी ‘मालनगाथा’ सिद्ध केली. आणि मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला विद्यापीठात पाया घालून दिला. सर्वांत मोठे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांचे. त्यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यांतील कार्यकर्त्या स्त्रियांनाच संकलक बनवून हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतील अनेक ओव्या मूळ आवाजात मुद्रित करून घेतल्या. पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तले; २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे भांडार लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळस आणि बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील आवाज आहेत, आणि मंठ्याच्या बोलीशी त्या आवाजांचे नाते ऐकताक्षणी कळते.

माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या ओव्यांचा स्वतंत्र उल्लेख करणे आवश्यक आहे. तिथल्या दलित स्त्रियांनी जात्याची तीच चाल, तोच दोन ओळींचा साचा घेतला आणि देवांना वाहायच्या आरंभीच्या ओव्यांच्या जागी बुद्ध, बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांना ओव्या वाहिल्या. ज्यांना गावाच्या देवळात पाय ठेवता येत नव्हता त्यांच्या जात्यावर नवा देव न येता माणूस आला, आणि मन हलके करणाऱ्या गाण्यात अभिमानाची भर पडली. शोक सांगण्याची रीत उमेद सांगू शकते, याचा मराठवाड्यातला याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण आहे.

जाते बंद पडले ते पिठाच्या गिरणीमुळे. आधी डिझेलवर आणि वीज आल्यावर विजेवर चालणाऱ्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गावांतून लहान खेड्यांत उतरल्या. १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा शेते कोरडी पडली आणि बायका दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून बाहेरून आणलेली मिलो ज्वारी घरी आणीत, तेव्हा थकलेल्या हातांनी पुन्हा खुंटा ओढण्यापेक्षा जवळ गिरणी असेल तर तिथे दळण टाकणे हेच शहाणपणाचे होते. गिरणीचे स्वागत बायकांनी मनापासून केले आणि ते योग्यच होते. जात्याच्या गाण्यांवर हळहळणाऱ्या शहरी वाचकाने हे विसरता कामा नये की या गाण्यांची किंमत दुखऱ्या खांद्यांनी आणि अर्धवट झोपेने चुकती झाली होती. मात्र त्या श्रमाबरोबर पहाटेचा तो तासही गेला, ज्या तासाला घरातली बाई कोणाच्याही नजरेखाली नव्हती. गिरणीवर डबे रांगेत लागतात, बायका बोलतात, पण पट्ट्याच्या आवाजात गाणे ऐकू येत नाही, आणि चारचौघांत सीतेचे दुःख सांगता येत नाही. पुढच्या काळात बचत गटांच्या बैठकी, हरिनाम सप्ताह, भजनी मंडळे यांनी बायकांना एकत्र येण्याच्या जागा दिल्या. त्या जागा सामूहिक आहेत, त्यांचे मोल मोठे आहे, पण एकटीने बोलण्याची सोय त्यांत नाही.

जाते घरातून पूर्णपणे गेलेले नाही. लग्नात अजून ते ओसरीवर येते. त्याला हळद-कुंकू वाहतात, खुंट्याला हळकुंड बांधतात, आणि सुवासिनी त्यावर थोडी हळद किंवा गहू दळून पाच-सात ओव्या म्हणतात. या ओव्या मांगल्याच्या आहेत, नवरा-नवरीच्या आणि कुळाच्या आहेत. सासुरवासाच्या आणि एकटेपणाच्या ओव्यांना मांडवात जागा नसते. म्हणून विधीने ओवी टिकवली असली, तरी तिचा जो भाग मन मोकळे करण्यासाठी होता तो विधीबाहेरच राहिला आहे, आणि तो शोधायचा तर वृद्ध स्त्रियांकडेच जावे लागते. ध्वनिमुद्रणांच्या वेळी अनेक ठिकाणी जाते मांडून, त्याभोवती बसून, खुंटा फिरवत या स्त्रिया गायल्या आहेत. त्यांच्या स्मृतीत शब्द हाताच्या फेऱ्याला बांधलेले आहेत. म्हणून मंठ्याच्या किंवा परतूरच्या एखाद्या खेड्यात जो कोणी या ओव्या टिपायला बसेल, त्याने वही काढण्याआधी त्या आजींपुढे जाते मांडावे आणि मूठभर ज्वारी ठेवावी.